किल्ली कोणाकडे होती?

कन्नडच्या घाटात एका पावसाळी रात्री आमची एसटी अकरा तास उभी होती. खालच्या वळणावर मालट्रकचा पाटा तुटून गाडी आडवी झालेली, मागेपुढे वाहनांची रांग, आणि धुकं असं उतरलेलं की खिडकीबाहेर हात काढला तर बोटं दिसेनात. चाळीसगाव खाली अर्ध्या तासावर होतं, पण त्या रात्री ते मुंबईइतकं लांब होतं.

पहिला तास चिडचिडीत गेला. दुसऱ्या तासाला डबे उघडले. कुणाची दादर ज्वारीची भाकरी, कुणाचा ठेचा, एका मावशींच्या पिशवीतून निघालेली केळी. पुढच्या सीटवरचे आबा मागे वळून प्रत्येकाला एकच विचारत होते, ‘कोठला शे रे भाऊ तू?’ माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती. ओळखपाळख काही नव्हती. तो भरतीचा पेपर देऊन चोपड्याला निघालेला, ती नर्सिंगच्या कॉलेजातून धुळ्याला घरी. संध्याकाळी दोघांच्या मध्ये तिची बॅग होती. दहाच्या सुमारास ती बॅग तिने मांडीवर घेतली, कारण त्याचा मोबाइल बंद पडला होता आणि तिच्या पॉवर बँकेची वायर तोकडी होती. बारानंतर बॅग वरच्या फळीवर गेली. पहाटे चारला दोघांच्या बोलण्यातलं ‘तुम्ही’ गेलं आणि ‘तू’ आलं. तो बदल त्यांना कळलाही नसावा. मला कळला, कारण मी जागा होतो आणि मराठीत ही एक पायरी आहे, ती ओलांडताना ऐकू येते.

उजाडल्यावर रस्ता मोकळा झाला. चाळीसगाव स्टँडवर तो उतरला, त्याची जळगावची गाडी समोर लागलेली होती. त्याने ती सोडली. आमची बस हलेपर्यंत तो तिच्या खिडकीखाली उभा राहिला. केळीवाल्या मावशी माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाल्या, ‘जमलं.’

तेव्हापासून त्या एका शब्दाशी माझा वाद चालू आहे. रात्रभर बसमध्ये जे झालं त्याला ‘जमलं’ म्हणायला माझी तयारी नाही. पण स्टँडवर त्याने समोरची गाडी सोडली, त्या क्षणाला मात्र मी हा शब्द द्यायला तयार आहे. बसमध्ये त्याला दुसरी जागा नव्हती. स्टँडवर होती.

माणसं अडकून पडली की एकमेकांच्या जवळ का येतात, हे समजायला अवघड नाही. रोजच्या भेटीत उठून जायची सोय असते. समोरचा माणूस कंटाळवाणा निघाला तर ‘चला, निघतो’ म्हणता येतं, आवडला तरी संकोचाने तेच म्हणता येतं. जगातल्या कितीतरी ओळखी या ‘चला, निघतो’पाशी संपतात. दार बंद झालं की ही पळवाट जाते. मग माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग गावाचं, मग घरचं, आणि तिसऱ्या प्रहरी ते बोलतो जे त्याने सख्ख्या भावालाही सांगितलेलं नसतं. त्यात भीतीची भर पडते. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाली दोनशे तीस फुटांची दरी, पूल डोलणारा. त्यावर पुरुषांना एका तरुणीने गाठलं, काही प्रश्न विचारले आणि आणखी माहिती हवी असेल तर म्हणून आपला फोन नंबर दिला. दुसरीकडे बुटक्या, भक्कम पुलावर हेच केलं. डोलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या अठरा जणांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या सोळांपैकी दोघांनी. धडधड दरीची होती, ती त्या मुलीच्या नावावर जमा झाली.

हा प्रयोग लोक ‘प्रेम म्हणजे भास’ अशा अर्थाने सांगतात. मला तो तसा वाटत नाही. धडधड कशामुळे सुरू झाली हे त्याने दाखवलं. ती कोणासाठी टिकते हे त्याच्या आवाक्यात नव्हतं. पुलावरून उतरल्यावर आपल्या घरी जाऊन फोन उचलायचा की नाही, हे ठरवायला माणूस मोकळा होता. अठरांतल्या उरलेल्या नऊ जणांनी तो उचलला नाही, हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

धोका दुसरीकडे आहे. बंद दारामागे जवळीक होते हे एकदा मान्य केलं की दार कोणी बंद केलं हा प्रश्न सोयीस्करपणे विसरला जातो. १९७३ सालच्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात नेहमी शेजारी शेजारी येतात. त्या वर्षी २३ ऑगस्टला स्टॉकहोमच्या नॉर्माल्मस्टोर्ग चौकातल्या बँकेत यान-एरिक ओल्सन बंदूक घेऊन शिरला. तिथल्या चार कर्मचाऱ्यांना त्याने ओलीस धरलं आणि तुरुंगातला क्लार्क उलोफसन आपल्याकडे आणून द्या अशी मागणी केली. ती मान्य झाली. सहा दिवस ही माणसं बँकेच्या तिजोरीच्या खोलीत होती. २८ ऑगस्टला पोलिसांनी अश्रुधूर सोडून त्यांना बाहेर काढलं. त्यांतली क्रिस्टिन एनमार्क ही तरुणी पोलिसांविरुद्ध आणि चोरांच्या बाजूने बोलली. मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी त्यावरून एक निदान बेतलं आणि जगाला ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्द मिळाला. पुढे कहाणीला पाय फुटले. ओलीस मुलगी चोराच्या प्रेमात पडली, असं आजही लोक खात्रीने सांगतात.

एनमार्कने स्वतः जे सांगितलं ते वेगळं होतं. तिला बंदूकवाल्यांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची जास्त भीती वाटत होती. पंतप्रधान उलोफ पाल्मे यांच्याशी ती फोनवर बोलली, चोरांसोबत आम्हाला बाहेर जाऊ द्या अशी विनवणी केली, आणि ती मान्य झाली नाही. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याच्याशी जुळवून घेणं हा तिचा जगण्याचा हिशोब होता. बाहेरच्या जगाने त्याला आधी आजार म्हटलं आणि मग प्रेम. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत आजारयादीत या सिंड्रोमला आजही जागा नाही, पण गप्पांमध्ये त्याची जागा पक्की आहे.

याच प्रसंगानंतर महिन्याभरात, २८ सप्टेंबर १९७३ ला, ‘बॉबी’ हा सिनेमा आला. दोघं एका खोलीत बंद झाले तर, या कल्पनेवरचं त्यातलं आनंद बक्षींचं गाणं आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँडवाले अजून वाजवतात. त्या गाण्यात एक बारीक तपशील आहे आणि सगळं त्याच्यावर उभं आहे: किल्ली हरवलेली आहे. ती त्याच्या खिशात नाही, तिच्या पदरालाही नाही. दोघंही सारखेच अडकलेले. किल्ली त्या मुलाच्या खिशात आहे असं कडव्यात आलं असतं तर ते गाणं राहिलं नसतं, पोलीस ठाण्यातली फिर्याद झाली असती.

बंद जागेतल्या प्रेमाबद्दल मला एवढंच विचारायचं असतं: किल्ली कोणाकडे होती? घाटातल्या बसमध्ये ती कोणाकडेच नव्हती. बँकेच्या तिजोरीत ती बंदुकीकडे होती. नायिकेला पळवून नेऊन डांबणाऱ्या माणसावरच तिचा जीव जडतो, अशा कथा आपण पिढ्यानपिढ्या पडद्यावर पाहिल्या आणि टाळ्या वाजवल्या. कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे जुन्या दंडसंहितेच्या कलम ९० मध्ये होतं आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये आहे. प्रेमाच्या गोष्टी सांगताना आपण हे कलम घरी ठेवून येतो.

आता खरा अवघड भाग, आणि तो आपल्या घरातला आहे. आपल्याकडे, जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात, अनोळखी माणसं बंद खोलीत प्रेमात पडली ही सिनेमातली गोष्ट नव्हती. ती लग्नाची रीतच होती. दोन पिढ्यांपूर्वीची जवळजवळ प्रत्येक बाई तोंडओळखही नसलेल्या माणसाच्या घरात शिरली आणि दार मागून लागलं. ‘आपल्याकडे आधी लग्न होतं, मग प्रेम होतं,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. ते बरेचदा खरंही असतं. पण त्या ‘होतं’मध्ये दोन निराळ्या गोष्टी एकाच फडक्यात बांधलेल्या आहेत. मराठीला त्या वेगळ्या करता येतात. एकीला आपण ‘अंगवळणी पडणं’ म्हणतो, दुसरीला ‘जीव लागणं’. मारकुट्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखून भाकरी टाकणारी बाई त्याच्या सवयीत तरबेज झालेली असते. तिला विचारलं तर तीही म्हणते, ‘झालं प्रेम, काय करणार.’ या ‘काय करणार’ला प्रेम म्हणणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

नुसत्या कोंडण्याने प्रेम उगवत असतं तर २०२० चा लॉकडाऊन हा या देशातला सर्वांत प्रेमळ काळ ठरला असता. नवरा-बायको महिनोन् महिने चार भिंतींत होते. प्रत्यक्षात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या हिंसेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की एप्रिलमध्येच आयोगाला तक्रारीसाठी वेगळा व्हॉट्सॲप नंबर द्यावा लागला. दार तेच, भिंती त्याच. किल्ली एकाकडे असली की खोली लहान होत जाते.

असोद्याच्या बहिणाबाई तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यावर जे सुचलं ते त्यांनी म्हटलं आणि मुलगा सोपानदेव व घरच्यांनी टिपून ठेवलं म्हणून ते आपल्याला मिळालं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते छापलं गेलं. त्या कवितेत संसाराची सगळी सामग्री आहे. पण माहेराची वाट धरली की त्यांचे शब्द जसे भराभर चालू लागतात, तसे इतरत्र क्वचितच चालतात. मला त्यात तक्रार ऐकू येत नाही. दार उघडं असण्याचा आनंद ऐकू येतो.

आणि त्याच बंद घरात दुसरं एक प्रेम होतं, ज्याच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही. जातं डोळ्यांसमोर आणा. पहाटेचा अंधार, कंदील विझवलेला, कारण तेल जपायचं. दोन जावा समोरासमोर, एक पाय लांब, एक मुडपलेला, गुडघ्याला गुडघा लागलेला. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात एकावर एक. एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं. एकीचा हात ढिला पडला की दुसरीला दंडात कळतं, न बोलता कळतं, की आज हिचं अंग दुखतंय किंवा रात्री रडून झालेलं आहे. मग दुसरी जोर वाढवते. ओवी एक उचलते, दुसरी पुरी करते. दोघीही त्या घरात परक्या, वेगवेगळ्या गावांहून आलेल्या, आणि दोघींच्याही हातात किल्ली नाही, ती सासूच्या कमरेला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जात्यावरच्या जवळिकीचा एवढा मोठा दस्तऐवज दुसऱ्या कुठल्या भाषेकडे असेल असं मला वाटत नाही. नवरा-बायकोच्या प्रेमाची गोष्ट सांगताना आपण त्या काळातल्या खोलीचं दार उघडून पाहतो. खरं तर जात्याची कोठडी उघडून पाहायला हवी होती.

जातं धुळ्याच्या तुरुंगातही होतं. १९३२ साली तिथल्या राजबंद्यांनी दळण अंगावर घेतलं, त्यात विनोबा पुढे होते. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अशी, त्यांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. विनोबा छत्तीस वर्षांचे, आणि समोर बसून ती लिहून घेणारे साने गुरुजी बत्तीस वर्षांचे, अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत आलेले. ‘गीता प्रवचने’ आपण गीतेसाठी वाचतो. मी ते पुस्तक हातात घेतो तेव्हा मला त्या दोघांमधलं अंतर दिसतं, काही हातांचं. समोरचा माणूस बोलतो आहे, थांबत नाही, आणि आपल्याला त्याचं वाक्य त्याच्याच लयीत कागदावर उतरवायचं आहे. त्यासाठी स्वतःचा आवाज पूर्ण खाली ठेवावा लागतो. जीव लागल्याशिवाय हे अठरा रविवार होत नाही. स्त्री-पुरुष नाहीत म्हणून याला प्रेम म्हणायला आपण कचरतो. मी कचरत नाही.

गुरुजींच्या बाबतीत तर तुरुंगाने हे दोनदा केलं. त्याआधी, १९३० मध्ये, त्यांना धुळ्याहून त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेलं. तिथे दक्षिणेकडच्या निरनिराळ्या भाषांची माणसं भेटली. एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून गुरुजी तमिळ शिकायला बसले, पुढे ‘कुरळ’ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. भारतातल्या भाषांना एकमेकींजवळ आणणाऱ्या त्यांच्या आंतरभारतीचं बी त्या कोठडीत पडलं. ते बाहेर येऊन विसरले नाहीत, शेवटपर्यंत तोच ध्यास धरून होते. बाहेर येऊन माणूस काय करतो यावरच मी आतल्या दिवसांची किंमत करतो.

कारण याच्या उलटही झालेलं आहे, आणि त्याचाही एक धागा धुळ्यात आहे. १९४० साली युद्धविरोधी भूमिकेमुळे पकडलेला अठरा वर्षांचा एक मुलगा धुळ्याच्या तुरुंगात सुमारे वर्षभर होता. त्याचं नाव मधु लिमये. आणीबाणीत, १९७५ नंतर, लिमये पुन्हा गजाआड गेले, आणि त्यांच्यासारखे हजारो. येरवड्यासारख्या तुरुंगांत समाजवादी आणि संघाचे लोक एका पंगतीला जेवले. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांविरुद्ध भाषणं केली ते एकमेकांच्या आजारपणात उशाशी बसले. जनता पक्ष उभा राहायला त्या जिव्हाळ्याचा मोठा हातभार लागला. १९७७ ला सत्ता आली, १९७९ ला दुहेरी सदस्यत्वाच्या, म्हणजे पक्षात राहून संघाचंही सदस्य राहावं का या, वादावर सगळं फुटलं, आणि तो वाद लावून धरणाऱ्यांत लिमये आघाडीवर होते. आतला जिव्हाळा खोटा होता, असं मी म्हणणार नाही. उशाशी बसलेला माणूस खरंच बसला होता. पण कुलूप निघाल्यावर मतभेद जसेच्या तसे दाराबाहेर वाट पाहत उभे होते. कोठडीत ते टाळता येत होते, मंत्रिमंडळात नव्हते.

यावर एक जण मला म्हणाला, मग तुझ्या हिशोबाने आपल्या आज्या-आजोबांचं प्रेम खोटंच? किल्ली तर कायम आजोबांकडेच होती. प्रश्न रास्त आहे. मी त्याचं उत्तर माझ्या आजीकडून घेतलं.

आजीचं सासर पाळधीच्या बाजूला, माहेर पारोळ्याजवळ. पंधराव्या वर्षी आली. आजोबांचा चेहरा दिवसाउजेडी नीट पाहायला चार-सहा महिने गेले, असं ती सांगायची. दोन वर्षं सासू माहेरी पाठवेना. पाठवायचंच तर दीर सोबत, तिसऱ्या दिवशी परत. मी कॉलेजात असताना, थोडा धीटपणे, तिला विचारलं होतं की आजोबांवर तुझा जीव कधी लागला? मला वाटलं ती लाजेल, नाहीतर पोरांच्या जन्माचं काही सांगेल. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, एका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ते सकाळी आले, हातावर रुपये ठेवले आणि म्हणाले, मोठ्या रस्त्याला एसटी लागते, तुझी तू जा, आईला मी बघतो, तुला वाटेल तेव्हा ये. एकटी बसमध्ये बसायची तिची पहिली वेळ. एरंडोलपर्यंत ती खिडकीचा गज घट्ट धरून बसली होती.

‘मग किती दिवस राहिलीस?’ मी विचारलं.

‘महिनाभर राहणार होते,’ ती म्हणाली आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. ‘आठव्या दिवशी परत आले.’